एलिदाची राहिलेली सही

पायसान्दू,
५ मार्च १९८९

प्रिय निबिया,

तू बरी असशील, आणि तिकडची थंडी आता ओसरायला लागली असेल. मी ठीक आहे. उजवा गुडघा सोडला तर तक्रार करण्यासारखं काही नाही.

हे अक्षर तू ओळखलंस की नाही, कोण जाणे. पत्ता तुझ्या आईच्या वहीतून उतरवून घेतला. तुमच्या गल्लीच्या नावात एका अक्षराच्या डोक्यावर बारीक वर्तुळ आहे, ते तसंच काढलंय. पोस्टातली बाई म्हणाली, "हे काय, शाई सांडलीय का?" मी म्हटलं, "तिकडे असतं तसं."

पंधरा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. आई लिहायची आणि खाली 'बाबांचे आशीर्वाद' असं घालायची. मी तसं कधी सांगितलेलं नसायचं. नको असंही कधी म्हणालो नाही.

आई गेल्यावर शेजारच्या चेलाकडे तुझा फोन आला होता. चेला मला बोलवायला आली तेव्हा मी आतून म्हणालो, अंघोळ करतोय. मी स्वयंपाकघरात उभा होतो, अंगात कपडे होते.

ती गेली ९ फेब्रुवारीला, दुपारी, खिडकीजवळच्या खुर्चीत. उन्हाळा फार होता. मी बाहेरून आलो तर माते-चहा प्यायचा पोकळ भोपळा मांडीवर तसाच होता आणि पाणी गार झालं होतं. डॉक्टर म्हणाले, पहिल्या झटक्यानंतर असा दुसरा येतोच, त्रास झाला नसणार. माणसं बरीच आली. तुझ्या तुरुंगात ज्यांच्या मुली होत्या अशा तीन बाया लांबून बसने आल्या होत्या. त्या मला ओळखत नव्हत्या. एकीने विचारलं, "तुम्ही एलिदाचे भाऊ का?"

घराचं म्हणशील तर छप्पर गळत नाही. लिंबाला यंदा लिंबं फार. कुत्रं म्हातारं झालंय, आता भुंकत नाही, नुसतं उठून बसतं.

दुसरी बातमी अशी, की मी प्रचाराला जातो. घरोघर, हिरव्या चिठ्ठीच्या. हसू आलं तर हस.

गेल्या महिन्याच्या शेवटी, आईला जाऊन तीन आठवडे व्हायच्या आत, मी समितीच्या जागेत गेलो. पूर्वी तिथे टोप्यांचं दुकान होतं. काचेवर अजून टोपीचं चित्र आहे. आत एक बाई कागद मोजत बसली होती. झुल्मा बारबोसा तिचं नाव. सत्तरीची आहे, विधवा, चाळीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईत चादरी धुतल्या. हात असे, की तुझ्या बापाचा हात त्यात हरवेल. मी म्हटलं, "मला काम करायचंय." तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "चालाल किती?"

"लागेल तितकं."

"गुडघ्याकडे बघून वाटत नाही. बरं. तुम्ही माझ्याबरोबर यायचं. तुम्हाला मी दुसऱ्या कोणाच्या गळ्यात नाही बांधणार."

तर रोज चारच्या सुमारास आम्ही निघतो, ऊन कलल्यावर. एका बाजूची सगळी घरं, मग दुसऱ्या बाजूची. झुल्मा दार वाजवत नाही, टाळ्या वाजवते, जुन्या पद्धतीने. कोणी आलं की मी बोलायचं. सुरुवातीला मला ते पाठ करावं लागलं, शाळेतल्या कवितेसारखं: "नमस्कार. लष्करातल्या आणि पोलिसांतल्या माणसांनी लष्करी राजवटीच्या त्या वर्षांत जे केलं, त्याबद्दल त्यांच्यावर खटले भरायचे नाहीत असा कायदा झालाय. सोळा एप्रिलला तुम्हाला विचारणार आहेत. हिरवी चिठ्ठी टाकली तर कायदा रद्द. पिवळी टाकली तर राहील." एवढंच. पुढचं झुल्मा बघते.

दारं कशी असतात ते मी इतकी वर्षं पाहिलंच नव्हतं. मी आयुष्यभर तिकिटाच्या खिडकीच्या आत बसलो. लोक माझ्यासमोर यायचे. आता मी उभा असतो आणि आतला माणूस ठरवतो. एकाने विचारलं, "हिरवे की पिवळे?" "हिरवे." "मग पुढचं घर बघा." एका म्हातारीने आम्हाला बसवून घेतलं, संत्री सोलून दिली आणि पाऊण तास सुनेच्या तक्रारी सांगितल्या. निघताना म्हणाली, "मत मी कोणालाच देत नाही, पण या पुन्हा."

काल वॉशिंग्तन लेमोस भेटला. मालगाडीचा गार्ड, तुला आठवेल, संपाच्या वेळी ज्याला काढून टाकलं तो. दारात आला, मला बघितलं आणि बायकोला आतून हाक मारली, "ये गं, बघ कोण आलंय! रेल्वेतले कार्दोसो! अहो, आम्ही पत्रकं वाटायचो तेव्हा तुम्ही खिडकीचं झापड खाली ओढायचात!"

मी म्हटलं, "ओढायचो."

"आणि पोर आत होती तेव्हा कुठे होतात?"

मी म्हटलं, "खिडकीतच होतो."

त्याने दार पूर्ण उघडलं आणि खुर्ची दिली. मी बसलो नाही. झुल्मा बसली.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "बसला का नाहीत?" मी म्हटलं, "गुडघा दुमडत नाही." ती म्हणाली, "तोंडात येईल ती थाप मारता तुम्ही कार्दोसो, आणि तीही धड नाही."

हे तुला का लिहितोय ते मला नीट सांगता येत नाही. उत्तर द्यावंसं वाटलं तर दे. नाही दिलंस तरी पुढच्या महिन्यात आईच्या कबरीवरचा दगड बसेल, तेव्हा मी कळवीन.

एल्बियो


पायसान्दू,
२९ मार्च १९८९

प्रिय निबिया,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. तू खुशाल आहेस, म्हाताऱ्यांच्या आश्रमात तुझी नोकरी कायम झाली, हे वाचून बरं वाटलं. पत्र मी तीनदा वाचलं. अर्धंच पान असल्यामुळे वेळ लागला नाही.

मागच्या आठवड्यात काम बंद होतं. ईस्टरच्या सुट्टीत इथे बिअरचा उत्सव असतो ते तुला माहीतच आहे. गाव बाहेरच्या माणसांनी भरून गेलं, नदीकाठी तंबू लागले. झुल्मा म्हणाली, "झिंगलेल्या माणसाला कायदा सांगू नये. तो हो म्हणतो आणि विसरतो." आता पुन्हा सुरू झालंय.

तू एकच प्रश्न विचारलास. तो मी टाळणार होतो, हे आधीच कबूल करतो. कालपर्यंत या पत्राचा वेगळा मसुदा टेबलावर होता. त्यात मी लिहिलं होतं की आईची तब्येत डिसेंबरात बरी नव्हती. ते खोटं नाही. पण तू ते विचारलेलं नाहीस. तू विचारलंस: 'आईने नोव्हेंबरात लिहिलं होतं की सही नाकारली तर पुन्हा जाऊन करणार आहे. तिने केली का?'

नाही.

आता कसं झालं ते सांगतो. मध्ये थांबलो तर पुन्हा लिहायला बसणार नाही, म्हणून एका दमात.

मतदान मागण्यासाठी लाखो सह्या जमवत होते त्या वर्षी आईने सही दिली, म्हणजे सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात. मी क्लबात बोचे खेळायला गेलो होतो तेव्हा माणसं घरी आली. पहिल्या झटक्याला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. तिचा उजवा हात थरथरायचा. तिने मला संध्याकाळी सांगितलं, "मी सही केली. कोंबडी उकरते तशी झाली, पण केली." मी पेपर वाचत होतो. वाचत राहिलो.

मग वर्षभर त्या सह्या तपासल्या गेल्या. हजारो बाजूला काढल्या. दफ्तरातल्या सहीशी जुळत नाही म्हणाले. झटक्यानंतरची सही झटक्याआधीच्या सहीशी कशी जुळेल? आईला ते आधीच कळलं होतं. नोव्हेंबरपासून ती रोज जेवणानंतर स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून सही गिरवायची. एलिदा मोरेना दे कार्दोसो. एका पानावर वीसदा. डाव्या हाताने उजवं मनगट धरून. शेवटी शेवटी चांगली यायला लागली होती. 'दे'चा फुगा जुन्यासारखा व्हायचा. मला दाखवायची, "बघ, जुळते ना?" मी म्हणायचो, "जुळते."

डिसेंबरात यादी निघाली. ज्यांच्या सह्या बाजूला काढल्या त्यांनी तीन दिवसांत स्वतः जाऊन सांगायचं की ही सही माझीच आहे. सतरा, अठरा, एकोणीस. मी क्लबात पेपर बघितला. तिचं नाव होतं. मी पान घडी करून खिशात घातलं आणि घरी दुसराच पेपर नेला.

सतरा तारखेला सकाळी दाराशी टाळ्या वाजल्या. आई मागच्या अंगणात लिंबाखाली बसली होती. झटक्यानंतर तिला कमी ऐकू यायचं. दारात एक थोराड बाई होती, हातात यादी. म्हणाली, "एलिदा मोरेना इथेच राहतात ना? गाडी आणलीय, दहा मिनिटांचं काम आहे." मी म्हटलं, "ती झोपलीय. आजारी आहे." ती संध्याकाळी पुन्हा आली. मी म्हटलं, झोपलीय. अठराला आली. एकोणीसला दोनदा आली. शेवटच्या वेळी मी दारही उघडलं नाही, आतूनच म्हटलं. ती बाहेरून म्हणाली, "साहेब, एवढं कोणी झोपत नाही."

ती झुल्मा होती.

म्हणजे मी समितीत गेलो त्या दिवशी तिने चष्म्यावरून बघितलं ते का, ते तुला आता कळलं असेल. तिने ओळखलं होतं. मीही ओळखलं होतं. दोघंही बोललो नाही. महिनाभर एका फुटपाथवरून चाललो आणि बोललो नाही.

वीस तारखेला सकाळी चेला धावत आली. पुरेशा सह्या पक्क्या झाल्या, मतदान होणार! आईला मिठी मारली आणि विचारलं, "तू कधी गेलीस, सकाळी की दुपारी?" आई वाटाणे सोलत होती. तिने माझ्याकडे पाहिलं.

"एल्बियो, माझं नाव होतं का यादीत?"

"होतं."

"बरं," ती म्हणाली आणि हातातली शेंग सोलून पुरी केली. त्या दिवसापासून तिने सही गिरवणं बंद केलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तुला लिहिलंही नाही, हे मला तुझ्या पत्रावरून कळलं.

जानेवारीत एक दिवस मी तिचे केस विंचरत होतो. आरशात बघत ती म्हणाली, "मतदान होईल तेव्हा मला घेऊन जाशील?"

मी म्हटलं, "नेईन."

"दाराशी सोडू नकोस. आतपर्यंत यायचं."

"येईन."

पुढचं तुला माहीत आहे.

मी हे का केलं, याचं उत्तर मी स्वतःला बरेच दिवस 'भीती' असं देत होतो. भीती होतीच. सरकारी टेबलासमोर उभं राहून नाव सांगायचं, ते कुठल्या तरी कागदावर राहणार, उद्या पुन्हा तेच दिवस आले तर? तुला धरून नेलं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात साहेबांनी मला बोलावून विचारलं होतं, "मुलीशी संबंध आहे का?" मी 'नाही' लिहून दिलं आणि खिडकीतली जागा राखली. त्या कागदापायी मी सात वर्षं तुला भेटायला आलो नाही. आई दर पंधरवड्याला पार्सल घेऊन रात्रीच्या बसने जायची, सहा तास, परत सहा तास.

पण डिसेंबरात भीतीपेक्षा वेगळं काहीतरी होतं. तिची ती सही पक्की झाली असती, तर ती बरोबर होती हे पक्कं झालं असतं. सगळी वर्षं. मग मी काय होतो? सोलीस चौकातल्या क्लबात बसून मी तो पेपर घडी केला तेव्हा माझ्या मनात हे होतं. भीतीने हात थरथरतात. माझे थरथरत नव्हते.

हे मी तुझ्याआधी दुसऱ्या कोणाला तरी सांगितलं, तेही सांगतो. परवा आम्ही बंदराकडच्या गल्लीत होतो. एका घरासमोर बकाणनिंबाखाली एक माणूस खुर्ची टाकून बसलेला. बेर्मूदेस, खाटीक होता, आता दुकान विकलंय. मी माझी कविता म्हटली. तो म्हणाला, "माझं पिवळं. जे झालं ते झालं, मेलेली माणसं उकरायची नाहीत."

झुल्मा म्हणाली, "आणि घरच्या बाईंचं?"

"ती झोपलीय."

संध्याकाळचे पाच वाजले होते. आत रेडिओ चालू होता आणि कोणीतरी कढई घासत होतं.

झुल्माने माझी बाही ओढली, चला. मी हललो नाही. म्हटलं, "उठेपर्यंत थांबतो." आणि फुटपाथच्या कडेला बसलो. बेर्मूदेस हसला. "बसा की. रस्ता सरकारचा आहे." झुल्मा दातओठ खात शेजारी बसली. "कार्दोसो, अजून अकरा घरं राहिलीत. तुमच्या गुडघ्याला आज दुमडायला बरं जमलं!"

तासाभराने बाई बाहेर आली, पाण्याची झारी घेऊन. बारीक, पंचावन्न-साठची. रामोना नाव. "कोणाकडे आलात तुम्ही?"

"तुमच्याकडे, बाई."

पुढची कविता मला आठवेना. खरंच आठवेना. तिथे मी तिला हे सगळं सांगितलं. यादी, घडी केलेला पेपर, तीन दिवस, झोपलीय, वाटाणे. तिचा नवरा ऐकत होता. झुल्मा ऐकत होती. मी उभा राहून सांगितलं, टोपी हातात धरून. रामोनाच्या हातातल्या झारीतून पाणी तिच्याच पायावर पडत होतं.

मग ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "माझं मतदानाचं कार्ड त्यांच्याकडे असतं. कपाटात. किल्ली त्यांच्याकडे असते."

बेर्मूदेस म्हणाला, "आत जा." ती गेली.

परतताना बंदरापासून चौकापर्यंत झुल्मा दोन पावलं पुढे चालत होती. चौकात थांबली. म्हणाली, "मला वाटलं होतं, तुम्ही सांगायला या जन्मात येणार नाही."

मी म्हटलं, "मला हाकलून का दिलं नाहीत पहिल्याच दिवशी?"

"हाकलून काय करू? दार लावणाऱ्यांचंच मत हवंय मला. उघडणाऱ्यांचं आहेच."

मी तिला विचारलं, तुमचं कोण गेलं त्या वर्षांत? इतके दिवस मी धरून चाललो होतो की तिचंही कोणी गेलं असणार. ती म्हणाली, "कोणी नाही. म्हणून तर मी जाते. ज्यांचं गेलंय त्यांनी दारोदार किती मागायचं?"

तुझी माफी मागावी का, हे मला कळत नाही. मागितली की ती तुझ्या गळ्यात पडते आणि तुला काहीतरी करावं लागतं. म्हणून इथे फक्त झालेलं लिहिलं आहे. आईने सही केली नाही, कारण मी करू दिली नाही.

एल्बियो


पायसान्दू,
२० एप्रिल १९८९

निबिया,

तुझं पत्र मतदानाच्या आदल्या दिवशी आलं. पाच ओळी. 'हे वाचून मी तीन दिवस कामाला गेले नाही. आईने मला काहीच कळू दिलं नाही, याचा राग तुमच्यावरच्या रागाइतकाच आला. तुमच्याशी काय बोलायचं ते मला माहीत नाही. मतदान कसं झालं ते कळवा. पेपरातलं नको, तुम्ही पाहिलेलं कळवा.'

तू सांगितलंस म्हणून कळवतो.

आपण हरलो. राजधानीत हिरवी पुढे होती, पण बाकी देशात पिवळीने बाजी मारली. आपल्या गावातही. ते तू पेपरात वाचलं असशील. आता मी पाहिलेलं.

माझं मतदान आपल्या नेहमीच्या शाळेत होतं, तू तिसरीपर्यंत गेलीस ती. थंड सकाळ, स्वच्छ ऊन. दाराशी एक सैनिक, पंचविशीचा. त्याने मला पायरीवर हात दिला. मी तो घेतला. नोंदवहीत नावं आडनावाच्या क्रमाने नसतात, कार्डाच्या आकड्याने असतात. आईने आणि मी लग्नानंतर एकाच दिवशी कार्डं काढली होती, त्यामुळे ती माझ्या वरच्या ओळीत. कारकुनाने पान उलटलं आणि बोट ठेवलं, "मोरेना, एलिदा. बरोबर आल्यात का?"

मी म्हटलं, "ती फेब्रुवारीत वारली."

"माफ करा. वही जुनी आहे." तिच्या नावापुढची जागा कोरी होती. खाली माझ्या नावापुढे त्याने खूण केली.

पडद्याआड दोन्ही रंगांच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे होते. मी हिरवी चिठ्ठी पाकिटात घातली. एकच. दोन घालता येत नाहीत. आतपर्यंत येईन असं तिला म्हटलं होतं, तर मी पडद्याआड जरा जास्तच उभा राहिलो. बाहेरून कारकून खाकरला.

मग दिवसभर झुल्मा आणि मी म्हाताऱ्यांना आणत-नेत होतो. सुनेची तक्रार करणारी ती म्हातारी, आठवते? ती आली. "मत कोणाला द्यायचं नव्हतं, पण गाडीत बसायला मिळालं," म्हणाली. दुपारी बेर्मूदेस आला, रविवारचा कोट घालून, आणि शेजारी रामोना. कार्ड त्याच्या खिशात होतं. टेबलापाशी त्याने ते काढून तिच्या हातात दिलं, घरून आणलेली पिवळी चिठ्ठीही दिली. मी पाच पावलांवर होतो. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पडद्याआड गेली, आली, त्याचा हात धरून निघून गेली.

संध्याकाळी टोप्यांच्या दुकानात आकडे यायला लागले. झुल्मा उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे बांधत होती, चादरींच्या घड्या घालाव्यात तशी, कोपऱ्याला कोपरा लावून. कोणीतरी रडलं. बाहेरून एक मोटार हॉर्न वाजवत गेली. लेमोस म्हणाला, "संपलं." झुल्मा म्हणाली, "मोजणी संपली. तोंडातली जीभ गेलीय का तुमच्या? उद्या चार वाजता या."

"उद्या कशाला?"

"ज्यांनी दार उघडलं त्यांचे आभार मानायला. मत मागायला जातात आणि हरलं की तोंड लपवतात, त्यांच्यातली मी नाही."

म्हणून सोमवारपासून आम्ही पुन्हा फिरतोय. तुला वाटेल हे वेड आहे. लोकांनाही वाटतं. पहिल्याच घरात एकाने विचारलं, "आता काय विकायला आणलंत?" झुल्मा म्हणाली, "काही नाही. तुम्ही ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभार." तो माणूस इतका गोंधळला की त्याने आत जाऊन आमच्यासाठी बिस्किटं आणली. त्याचं मत पिवळं होतं, त्याने स्वतःच सांगितलं. आणि मग, आम्ही बिस्किटं खात असताना, त्याचा भाऊ सैन्यात होता आणि आता दारू पितो, एक शब्द बोलत नाही, हेही सांगितलं. मी त्याला काहीच म्हटलं नाही. ऐकलं. पंधरा वर्षांपूर्वी मला कोणी सांगितलं असतं की मी अशा माणसाच्या पडवीत बसून त्याच्या भावाचं ऐकेन, तर मी त्याला वेडा म्हटलं असतं.

काल बंदराकडच्या गल्लीत गेलो. बकाणनिंबाखालची खुर्ची रिकामी होती. झुल्माने टाळ्या वाजवल्या आणि दार रामोनाने उघडलं.

"ते नदीवर गेलेत, मासे धरायला," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "तुम्ही आशा ठेवून आला असाल तर आधीच सांगते. कोणती चिठ्ठी टाकली ते मी तुम्हाला सांगणार नाही."

मी म्हटलं, "विचारणार नाही."

"त्यांनाही सांगितलं नाही. रविवारी विचारलं, सोमवारी विचारलं, काल ताट भिरकावलं. नाही सांगितलं. एकतीस वर्षं झाली लग्नाला. माझ्याकडे असं काही आहे जे त्यांना माहीत नाही, असं पहिल्यांदा झालंय."

झुल्मा मोठ्याने हसली. रामोनाही हसली, तोंडावर पदर धरावा तसा हात धरून. मग तिने मला विचारलं, "तुमच्या मुलीला सांगितलंत का? ते, जे मला सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

"मतदान कसं झालं ते कळवा म्हणाली."

रामोनाने जरा विचार केला. "मग कळवा ना," म्हणाली. "इथे काय करताय?"

म्हणून आज लिहायला बसलो.

आईच्या कबरीवर दगड बसला. नाव पूर्ण घातलंय, माहेरचं आणि सासरचं. कारागिराने अक्षराचे नमुने दाखवले, मी साधं निवडलं. त्याने विचारलं, खाली काही ओळ? मी म्हटलं, मुलीला विचारून सांगतो. घाई नाही. जागा सोडली आहे.

आता शेवटचं, आणि हे लिहिताना माझा हात थरथरतोय, म्हणून अक्षर वाईट येतंय.

या दोन महिन्यांत मी गावातल्या निम्म्या घरांच्या दारात उभा राहून लोकांना म्हणालो, की त्या वर्षांत जे झालं ते विचारलं गेलं पाहिजे. अनोळखी माणसांना म्हणालो. ते तुझ्यावर झालं होतं, आणि तुला मी कधीच विचारलं नाही. तू सुटून आलीस तेव्हा चार दिवस या घरात होतीस. मी तुला विचारलं, चहा घेणार का. विचारलं, विमान किती वाजता आहे. तू लांब बाह्यांचा सदरा घालून बसली होतीस, जानेवारीच्या उन्हात, आणि मी म्हटलं, गरम होत नाही का तुला? तू म्हणालीस, नाही. मी पंख्याची दिशा बदलली.

तुझे हात आईने पाहिले होते. मी नाही.

कायदा राहिला. त्या लोकांना आता कोणी न्यायाधीश विचारणार नाही. पण मी कायद्याने बांधलेला नाही, आणि माझ्यापुरतं विचारायला मला कोणाच्या मताची गरज नाही. म्हणून विचारतो, निबिया. काय केलं त्यांनी तुला?

सांगायचं नसेल तर नको सांगूस. अर्धं सांगायचं असेल तर अर्धं सांग. मला ऐकवणार नाही असं समजून काही गाळू नकोस. मी ज्या गोष्टी न ऐकता जगलो त्यांनी माझं काही भलं केलेलं नाही. पत्रात जमत नसेल तर चेलाकडे फोन कर, रविवारी दुपारी. ती बोलवायला आली की मी येईन. पायात चप्पल नसली तरी येईन.

ऐकायला बसलेला,
तुझा बाप